बी.एससी. नर्सिंग

बी.एससी. नर्सिंग हा परिचर्याशास्त्राचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. रुग्णाची शुश्रूषा, आजारांचा प्रतिबंध, माता व बालकांचे आरोग्य आणि समाजाचे सार्वजनिक आरोग्य यांचे शास्त्रीय शिक्षण त्यात दिले जाते. भारतात या अभ्यासक्रमाचा आराखडा भारतीय परिचर्या परिषद ठरवते. अध्यापन, परीक्षा आणि पदवीदान हे काम विद्यापीठे करतात. महाराष्ट्रातील बहुसंख्य परिचर्या महाविद्यालये नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत.

इतिहास

भारतात परिचारिकांचे प्रशिक्षण दीर्घकाळ रुग्णालयांतच होत असे आणि त्याचे स्वरूप पदविकेचे होते. आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात प्रशिक्षित परिचारिकांची तीव्र उणीव नोंदवली. त्याच वर्षी दिल्ली येथे व वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेची तरतूद झाली. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ साली स्थापन झाले. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला. १९४७ च्या कायद्याची जागा या कायद्याने घ्यावी, अशी त्यात तरतूद आहे.

प्रवेशाची पात्रता

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन एकूण किमान ४५ टक्के गुण मिळवलेला विद्यार्थी प्रवेशास पात्र ठरतो. अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांसाठी ही मर्यादा ४० टक्के आहे. वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. परिचर्या हे केवळ स्त्रियांचे क्षेत्र असल्याचा समज रूढ असला, तरी हा अभ्यासक्रम पुरुषांनाही खुला आहे.

अभ्यासक्रमाची रचना

२०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून वार्षिक पद्धतीऐवजी आठ सत्रांची श्रेयांक पद्धत लागू झाली. विषयांचा क्रम निरोगी शरीराकडून आजाराकडे आणि व्यक्तीकडून समाजाकडे जाणारा आहे.

पहिले वर्ष: शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, संवादाचे इंग्रजी, जीवरसायनशास्त्र, पोषण व आहारशास्त्र, आरोग्य माहिती तंत्रज्ञान आणि परिचर्येची मूलतत्त्वे.

दुसरे वर्ष: सूक्ष्मजीवशास्त्र व संसर्गनियंत्रण, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र, आनुवंशिकी, प्रौढांची परिचर्या आणि व्यावसायिक नीतिमूल्ये.

तिसरे वर्ष: बालपरिचर्या, मानसिक आरोग्य परिचर्या, सामुदायिक आरोग्य परिचर्या, शैक्षणिक तंत्र, न्यायवैद्यक परिचर्या व भारतीय कायदे, व्यवस्थापन आणि प्रसूतिपरिचर्येचा पहिला भाग.

चौथे वर्ष: सातव्या सत्रात सामुदायिक परिचर्या व प्रसूतिपरिचर्या यांचे उर्वरित भाग, तसेच संशोधन व संख्याशास्त्र. आठवे सत्र संपूर्णपणे आंतरवासितेचे असते. तिचा कालावधी २२ आठवड्यांचा असून त्यांपैकी सहा आठवडे प्रौढ परिचर्येसाठी, तर बाल, मानसिक, सामुदायिक व प्रसूतिपरिचर्येसाठी प्रत्येकी चार आठवडे असतात.

प्रात्यक्षिक शिक्षण

पहिले धडे प्रयोगशाळेत पुतळ्यावर गिरवले जातात. हात धुण्याची पद्धत, खाट घालणे, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला अंघोळ घालणे, नाडी व रक्तदाब मोजणे, जखमेची मलमपट्टी आणि इंजेक्शन देणे या गोष्टी तेथे शिकवल्या जातात. त्यानंतर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली वॉर्डात जातात.

शुश्रूषेचे काम पाच टप्प्यांत बांधलेले असते: रुग्णाची पाहणी, त्याच्या गरजांचे निदान, नियोजन, प्रत्यक्ष कृती आणि परिणामांचे मूल्यमापन. परिचर्येतील निदान वैद्यकीय निदानाहून वेगळे असते. ‘मांडीचे हाड मोडले आहे’ हे डॉक्टरांचे निदान. ‘एकाच कुशीवर पडून राहिल्यामुळे पाठीला जखमा होण्याचा धोका आहे’ हे परिचारिकेचे. रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलण्याचे नियोजन या दुसऱ्या निदानातून येते.

औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी पडताळण्याची सवय लावली जाते. गणिताला येथे प्रत्यक्ष महत्त्व आहे. १,००० मिलिलिटर सलाइन आठ तासांत द्यायचे असेल आणि नळीतून एका मिलिलिटरला २० थेंब पडत असतील, तर ४८० मिनिटांत २०,००० थेंब पडले पाहिजेत. म्हणजे मिनिटाला सुमारे ४२. औषधाच्या मात्रेत दशांश चिन्ह एक घर सरकले, तरी मात्रा दहापट होते. लहान मुलांच्या बाबतीत अशी चूक प्राणावर बेतू शकते.

प्रसूतिपरिचर्येत गरोदर स्त्रीची तपासणी, प्रसूतीची प्रगती आलेखावर नोंदवणे, सुरक्षित प्रसूती आणि नवजात बालकाची काळजी शिकवली जाते. बाळाचा रंग, हृदयाचे ठोके, प्रतिक्षिप्त क्रिया, स्नायूंचा ताण व श्वसन पाहून जन्मानंतर एका आणि पाच मिनिटांनी ॲपगार गुणांक दिला जातो. सामुदायिक परिचर्येसाठी विद्यार्थी उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रांत जातात, घरभेटी देतात आणि लसीकरण व आहार यांविषयी कुटुंबांशी बोलतात.

अध्यापनाची भाषा व रुग्णाची भाषा

अध्यापन आणि परीक्षांचे माध्यम इंग्रजी आहे. महाराष्ट्रातील वॉर्डात मात्र रुग्ण आपले दुखणे मराठीत किंवा आपल्या बोलीत सांगतो. कळ, ठणका, चमक, जळजळ आणि मुंग्या हे वेदनेचे निरनिराळे प्रकार आहेत. त्या सर्वांसाठी नोंदीत ‘दुखते’ एवढाच अर्थ उतरला, तर उपयुक्त माहिती हरवते. ‘जीव घाबरा होतो’ या तक्रारीमागे मनातील भीती असू शकते, तसाच हृदयविकारही असू शकतो. म्हणून पुढचे प्रश्न विचारावे लागतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीला पाठ्यपुस्तकाची इंग्रजी जड जाते, तर परराज्यातून आलेल्याला रुग्णाची मराठी शिकावी लागते.

परीक्षा व नोंदणी

उत्तीर्ण होण्यासाठी लेखी व प्रात्यक्षिक परीक्षांत स्वतंत्रपणे किमान ५० टक्के गुण आवश्यक असतात. इंग्रजीसाठी ही अट ४० टक्के आहे. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती लागते. पदवी मिळण्यापूर्वी मात्र प्रात्यक्षिकाची उपस्थिती १०० टक्के पूर्ण करावी लागते. बुडालेले वॉर्डातील दिवस भरून काढावे लागतात.

केवळ पदवीने व्यवसायाचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी राज्याच्या परिचर्या परिषदेकडे परिचारिका व प्रसविका म्हणून नोंदणी करावी लागते.

अन्य अभ्यासक्रमांशी संबंध

सहायक परिचारिका-प्रसविका (एएनएम) हा दोन वर्षांचा, तर सामान्य परिचर्या व प्रसविका (जीएनएम) हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. जीएनएम झालेल्या परिचारिकांना पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाद्वारे दोन वर्षांत पदवी घेता येते. पदवीनंतर एम.एससी. नर्सिंग आणि पीएच.डी. हे मार्ग खुले असतात. पदवीधरांना शासकीय व खासगी रुग्णालये, सार्वजनिक आरोग्यसेवा, लष्करी परिचर्या सेवा आणि अध्यापन या क्षेत्रांत काम मिळते.