कुजक्या भांड्याचा सुवास

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ विचारूं नये, असें म्हणतात. शब्दांचें कूळ मात्र विचारल्यावांचून राहवत नाहीं. 'पोपुरी' हा फ्रेंच शब्दच पाहा. अनेक परिचित चालींचे तुकडे एकापुढें एक गुंफून केलेली रचना, असा पाश्चात्य संगीतांत त्याचा अर्थ. पण शब्दाची फोड केली, कीं हातीं येतें तें 'कुजकें भांडें'! गोड सुरांना हें नांव मिळालें कसें?

उत्तर स्पेनच्या स्वयंपाकघरांत आहे. तऱ्हेतऱ्हेचें मांस, कडधान्य व भाज्या एकाच भांड्यांत मंद आंचेवर तासन् तास शिजवून तेथें 'ओया पोद्रीदा' नांवाचा पदार्थ करतात. 'ओया' म्हणजे भांडें, 'पोद्रीदा' म्हणजे कुजलेलें. जिन्नस गळून जाईपर्यंत शिजतात, म्हणून हें नांव, असा एक खुलासा दिला जातो. सेर्वांतेसच्या 'दोन किहोते'च्या दुसऱ्या भागांत (१६१५) सुभेदार झालेला सांचो या पदार्थाकडे आशेनें पाहतो. पण वैद्य त्याला घांसही घेऊं देत नाहीं.

फ्रेंचांनीं सोळाव्या शतकांत या नांवाचें शब्दशः भाषांतर केलें. पुढें तें नांव दिवाणखान्यांत शिरलें. गुलाबाच्या अर्धवट वाळलेल्या पाकळ्या व मीठ यांचे थर बरणींत दाबून ठेवीत. पाकळ्या आंबल्या, कीं त्यांत लवंग, दालचिनी मिसळीत. हीच सुवासिक 'पोपुरी'. अठराव्या शतकांत सेव्रच्या कारखान्यांत तिच्यासाठीं भोंकांच्या झांकणाचीं डौलदार चिनी मातीचीं भांडीं घडविलीं जात. येथें कुजणें अक्षरशः खरें होतें, आणि त्यांतूनच सुगंध निघत होता.

संगीतांतही हा शब्द त्याच शतकांत आला. पॅरिसचा प्रकाशक बालार यानें १७११ मध्यें एका संगीतसंग्रहासाठीं तो योजिला. पुढें मोझार्टचा शिष्य हुमेल यानें व्हायोला व वाद्यवृंद यांकरितां 'पोपुरी' रचली, आणि तींत आपल्या गुरूच्या ऑपेरांतील चाल गुंफली.

मराठींत मिश्रणाला नांवें ठेवावयाचीं असलीं, म्हणजे 'खिचडी झाली' असें म्हणतात. पोपुरीचा इतिहास मात्र निराळें सांगतो. मिश्रण हा दोष नव्हे. न मुरलेलें मिश्रण हा दोष. चालींमागून चाली नुसत्या रचल्या, तर भांडें खरोखरच कुजकें ठरतें. एका चालींतून दुसरी सहज उमलली, तर त्याच भांड्याला सुवास येतो.