चित्राचे काम आणि चित्राचा खेळ

घरातले लेकरू डिझाइनच्या शिक्षणाला शहरात गेले, की थोड्याच दिवसांत निरोप येतो : "संगणकाला चांगले ग्राफिक्स कार्ड हवे." वडील दुकानात जातात, तर खोक्यावर तलवारी परजणारे वीर आणि भरधाव मोटारी! मनात येते, हे शिकण्यासाठी की खेळण्यासाठी? पैसा हंगामाचा असतो. मग गावच्या गुरुजींना गाठून सल्ला विचारला जातो. या शंकेचे उत्तर त्या कार्डाच्या इतिहासातच आहे. तो आज थोडक्यात पाहू.

आधी हे कार्ड करते काय? संगणकाचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. नेहमीच्या पडद्यावर एका ओळीत १,९२० ठिपके आणि अशा १,०८० ओळी. एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके झाले. हलते चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढायचे, तर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांवर ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण तो एकट्या गुरुजींसारखा. अवघड गणिते एकामागून एक सोडवील. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पाट्या घेऊन बसलेला भला मोठा वर्ग. प्रत्येकाला सोपे गणित, पण सगळ्यांनी एकाच वेळी करायचे.

आता गंमत पाहा. चित्राचे काम आणि चित्राचा खेळ ही जवळजवळ जुळी भावंडे आहेत. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६२ साली स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. पडद्यावर दोन अंतराळयाने एकमेकांवर मारा करीत. तिथेच १९६३ साली आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी 'स्केचपॅड' तयार केले. त्यात प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावरच आकृत्या काढता येत. भावंडे एका घरची, पण पुढे त्यांच्या वाटा फुटल्या.

१९८१ साली आयबीएमचा घरगुती संगणक आला, तोच दोन कार्डांसह. एक कार्ड अक्षरे सुबक उमटवी, पण त्यावर चित्र काढता येत नसे. दुसऱ्यावर चार रंगांत चित्रे येत, पण अक्षरे ओबडधोबड. कचेरीने पहिले घ्यावे, हौशी माणसाने दुसरे. म्हणजे "काम की खेळ" हा पेच तेव्हापासूनचा! तो थोडा सोडवला एका विद्यार्थ्यानेच. थायलंडहून अमेरिकेत शिकायला आलेल्या व्हॅन सुवन्नुकुल याला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता. म्हणून त्याने १९८२ साली सुबक अक्षरे आणि रेखाचित्रे दोन्ही काढणारे 'हर्क्युलिस' कार्ड बनवले. आपल्याकडेही तीच अडचण होती. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत आले, आणि 'जिस्ट' नावाचे कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी उमटू लागली.

लांबी, रुंदी आणि खोली दाखवणारी त्रिमितीय चित्रे मात्र फार महाग होती. सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी अशा चित्रांची खास यंत्रे विकी. ती मोठ्या कारखान्यांना आणि चित्रपटवाल्यांनाच परवडत. १९९३ च्या 'जुरासिक पार्क' मधले संगणकावर काढलेले डायनोसॉर त्याच यंत्रांवर घडले. विद्यार्थ्याच्या घरात असे यंत्र कुठून येणार?

ते आले खेळाच्या दारातून. सिलिकॉन ग्राफिक्समध्ये पूर्वी काम केलेल्या काही अभियंत्यांनी थ्रीडीएफएक्स ही कंपनी काढली आणि १९९६ साली 'व्हूडू' कार्ड बाजारात आणले. ते फक्त त्रिमितीय चित्र काढी; बाकीच्या चित्रांसाठी जुने कार्ड ठेवावेच लागे. १९९७ साली 'क्वेक' या खेळाची जी नवी आवृत्ती निघाली, तिने 'ओपनजीएल' ही महागड्या यंत्रांसाठी घडवलेली भाषाच वापरली. खेळणाऱ्यांची संख्या अफाट, म्हणून कार्डे ढिगाने बनू लागली आणि एकेकाळी कारखान्यांपुरती असलेली विद्या घरगुती संगणकात आली.

१९९९ साली एनव्हिडिया कंपनीने 'जीफोर्स २५६' काढले. त्याचीच चिप 'क्वाड्रो' या नावाने, जास्त किमतीला, डिझाइनवाल्यांना विकली. काही हिकमती लोकांनी कार्डावरचे बारीक रोधक हलवून खेळाच्या कार्डाला कामाचे कार्ड भासवले! बैल एकच, एकदा नांगराला जुंपला, एकदा शर्यतीला. फरक होता तो मुख्यतः ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्डाला हाकणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. पुढे ही भिंतही खचत गेली. २०१९ साली त्याच कंपनीने खेळाच्या कार्डांसाठीही, चित्रकामाच्या सॉफ्टवेअरवर तपासलेला 'स्टुडिओ' ड्रायव्हर फुकट देऊ केला.

यातून घ्यायचे ते हे. खोक्यावर खेळाचे चित्र आहे म्हणून कार्ड टाकाऊ समजू नका. खेळणाऱ्यांच्या पैशानेच ते तुमच्या लेकराच्या आवाक्यात आले आहे. पण निवड मात्र अभ्यासाच्या बाजूने करा. आधी कॉलेजात कोणते सॉफ्टवेअर शिकवतात ते विचारा. बैठी चित्रे आणि छपाईची मांडणी एवढेच काम असेल, तर मध्यम कार्ड पुरते. ब्लेंडरसारखे त्रिमितीय काम असेल, तर कार्डाच्या स्वतःच्या मेमरीकडे पाहा. खेळात मेमरी अपुरी पडली, तर चित्राचा बारीकपणा कमी करून खेळ चालवता येतो. पण विद्यार्थ्याचे चित्र मेमरीत मावले नाही, तर काम रखडते किंवा बंदच पडते. म्हणून दोन सारख्या किमतींच्या कार्डांत एक खेळात थोडे चपळ आणि दुसरे जास्त मेमरीचे असेल, तर दुसरे घ्यावे. यंत्रांचे आराखडे काढणारी काही सॉफ्टवेअरे ठरावीक कार्डांनाच मान्यता देतात. ती यादी आधी पाहावी. लॅपटॉप घ्यायचा असेल, तर नुसत्या नावावर जाऊ नये. एकाच नावाचे कार्ड दोन लॅपटॉपांत कमी-जास्त विजेवर चालते आणि त्यानुसार कमी-जास्त काम देते.

आणि अभ्यास आटोपल्यावर लेकराने त्याच कार्डावर घटकाभर खेळ खेळला, तर पालकांनो, रागावू नका. त्या खेळाने कार्ड बाटत नाही. दिवसभर नांगर ओढलेला बैल संध्याकाळी दोन उड्या मारतो, तेव्हा आपण त्याला दावणीवरून हाकलतो थोडेच?