जखमविषयक मराठी शब्दसंग्रह

जखमविषयक मराठी शब्दसंग्रह म्हणजे शरीरास होणारी इजा, तिच्या अवस्था, तिच्यामुळे होणाऱ्या वेदना आणि ती बरी होण्याची क्रिया दर्शविणारे मराठीतील शब्द होत. यांत संस्कृत-प्राकृत परंपरेतून आलेले, फारसी-अरबीतून रुळलेले आणि शेती व घरकामातून घडलेले असे तिन्ही प्रकारचे शब्द आढळतात.

व्युत्पत्ती

'जखम' हा सर्वाधिक प्रचलित शब्द फारसी आहे. 'इजा' आणि 'मलम' (मूळ रूप मरहम) हे अरबी असून फारसीमार्गे मराठीत आले. 'घाव' हा संस्कृत 'घात'पासून आला. घाव म्हणजे प्रहारही आणि त्या प्रहाराने झालेली जखमही. 'जखम' मात्र केवळ परिणाम सांगते. म्हणून घाव घालता येतो, जखम घालता येत नाही.

सुश्रुतसंहितेत बाह्य आघाताने होणाऱ्या व्रणांचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट असे सहा प्रकार सांगितले असून व्रणावरील उपचार साठ मानले आहेत. यांपैकी 'छिन्न' हा शब्द 'छिन्नविच्छिन्न' या जोडशब्दात टिकून आहे. 'क्षत' हा शब्द स्वतंत्रपणे क्वचितच ऐकू येतो. परंतु लग्नातील 'अक्षता' म्हणजे न तुटलेले, क्षत न झालेले तांदूळ, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

व्रण आणि वण

संस्कृतात 'व्रण' म्हणजे जखम. त्याचेच प्राकृत रूप 'वण' मराठीत जखम भरल्यानंतर उरणाऱ्या खुणेसाठी स्थिरावले. अलीकडे वृत्तपत्रांत खुणेलाही 'व्रण' म्हणण्याचा प्रघात पडला आहे, तर वैद्यकात 'जठरव्रण' म्हणजे आजही वाहती किंवा न भरलेली जखमच. एकाच शब्दाचे असे दोन परस्परविरुद्ध अर्थ रुग्णाच्या टिपणात घोटाळा करू शकतात. 'वण' हा सुटसुटीत शब्द हाताशी असताना तो मागे पडावा, हे योग्य वाटत नाही.

प्रकार आणि अवस्था

कातडीवरून केवळ नख फिरले तर ओरखडा, जमिनीवर घासले तर खरचटणे, खोल कापले तर खोक. रक्त न येता आतून दुखावले तर मुका मार, छडी किंवा दोराची उमटलेली रेघ म्हणजे वळ, डोक्यावर आलेला फुगवटा म्हणजे टेंगूळ. पायाच्या बोटाला दगड लागला की ठेच. कळवण तालुक्यात कांदा काढणीच्या दिवसांत 'विळा लागला' हे वाक्य नित्याचे असते. 'मला लागले' या रचनेत जखमी माणूस कर्ता नसतो, दुखापत त्याच्याकडे चालून येते, हा मराठी वाक्यरचनेचा विशेष होय.

पुढील क्रियापदे बरीचशी शेतीची आहेत. गळू फळाप्रमाणे 'पिकते' आणि फुटते. दुर्लक्षित जखम 'चिघळते'. बरी होऊ लागली की 'वाळते', 'खपली धरते' आणि 'भरून येते'. मोडलेले हाड मात्र भरत नाही, ते 'जुळते' किंवा 'सांधते'.

वेदनेचे शब्द

खरचटलेला भाग चुरचुरतो, त्यावर औषध झोंबते, नवी कातडी हुळहुळते, आत राहिलेला काटा सलतो. 'ठणका' म्हणजे नाडीच्या ठोक्यासरशी येणारी कळ. ती जखमेत पू होत असल्याची खूण असू शकते. रुग्ण 'दुखते' न म्हणता 'ठणकते' म्हणतो तेव्हा तो निदानास उपयोगी माहिती देत असतो. भाषेशी अपरिचित वैद्याला भाषांतर करून सांगताना हे सारे शब्द 'दुखणे' या एकाच शब्दात गुंडाळले जातात आणि ही माहिती हरवते.

वनस्पती व उपचार

रक्त थांबवण्यासाठी दगडी पाला चुरडून लावण्याची रीत महाराष्ट्रभर आढळते. याच वनस्पतीला एकदांडी असेही म्हणतात. ती मूळची अमेरिका खंडातील असून येथे तणासारखी पसरली. पानफुटीला 'घायमारी' हे नाव तिच्या उपयोगावरून पडले. जखमेवर माती किंवा शेण लावल्यास धनुर्वाताचा धोका संभवतो. या रोगात शरीर धनुष्यासारखे वाकते, म्हणून हे नाव.

वनस्पती आणि औषध यांचे असे नाते अन्यत्रही दिसते. फिलिपिन्समधील तागालोग भाषेत 'गामोत' म्हणजे औषध, तर तेथीलच सेबुआनो भाषेत 'गामोत' म्हणजे झाडाचे मूळ. मराठीतील औषधी 'मुळी' याच जातीची. तागालोगमध्ये 'सुगात' म्हणजे जखम. सेबुआनोत त्याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ सामोरे जाणे असा होतो.

कायद्यात

भारतीय दंड संहितेच्या मराठी पाठात 'दुखापत' (कलम ३१९) आणि 'जबर दुखापत' (कलम ३२०) असा भेद होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही कलमे अनुक्रमे ११४ आणि ११६ झाली. तीव्र वेदनेची मुदत २० दिवसांवरून १५ दिवसांवर आली. डोके किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणे हेही जबर दुखापतीत मोडते. म्हणजे चेहऱ्यावरील वणाला येथे कायदेशीर वजन आहे.

लोकपरंपरा

'जखमेवर मीठ चोळणे', 'खपली काढणे', 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' हे प्रयोग सर्वपरिचित आहेत. न भरणाऱ्या जखमेचे प्रतीक म्हणून अश्वत्थाम्याचे नाव घेतले जाते. कपाळावरील भळभळत्या जखमेसाठी तो तेल मागत फिरतो, अशी समजूत आहे. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्यात अस्तंबा हे शिखर त्याच्याशी जोडलेले असून तेथे दिवाळीच्या सुमारास आदिवासी भाविकांची यात्रा भरते.