विधी सहाय्य सुधारणा : गरजूंच्या मताचे महत्त्व

पैशाअभावी वकील नेमू न शकणाऱ्या नागरिकास शासनाच्या खर्चाने वकील व कायदेशीर सल्ला मिळवून देणाऱ्या व्यवस्थेस विधी सहाय्य म्हणतात. या व्यवस्थेत कोणत्या सुधारणा कराव्यात, याचा विचार देशात प्रामुख्याने न्यायाधीशांच्या समित्यांनी केला. मात्र ज्यांच्यासाठी ही व्यवस्था आहे, त्यांचे म्हणणे थेट नोंदवून घेतल्यास काय साध्य होते, हे मुंबईतील एका प्रकरणाने दाखवून दिले.

समित्यांचे कार्य

तत्कालीन मुंबई सरकारने १९४९ मध्ये न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर समिती नेमली होती. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या समितीने १९७३ मध्ये केंद्र सरकारला अहवाल दिला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाला आणि मोफत विधी सहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले.

कारागृहातील मुलाखती

पत्रकार शीला बर्से यांनी मुंबई मध्यवर्ती कारागृहातील १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी ५ जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांच्या पत्राची सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली आणि निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना कारागृहात जाऊन महिलांशी एकांतात बोलण्यास सांगितले. कैद्यांना वकिलाची मदत मिळण्याची पुरेशी सोय नसल्याचे त्यांच्या अहवालातून स्पष्ट झाले.

न्यायालयाने १५ फेब्रुवारी १९८३ रोजी दिलेले निर्देश याच माहितीवर आधारलेले होते. अटक होताच जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवावे, कारागृह अधीक्षकांनी कच्च्या कैद्यांची यादी जिल्हा समितीला पाठवावी, महिलांच्या कोठडीवर महिला पोलीस असाव्यात, असे त्यात नमूद होते. अटक झालेल्या व्यक्तीचे हक्क सांगणारे पत्रक मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावे आणि तिला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवावे, असेही न्यायालयाने सांगितले.

सध्याची तरतूद

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. नाशिक असो वा झाशी, हा हक्क समान आहे. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा राज्य शासन ठरविते.

याच कायद्याच्या कलम ४ नुसार योजनांचे ठराविक कालावधीने मूल्यमापन करणे, तसेच गरिबांच्या गरजा लक्षात घेऊन संशोधन करणे ही राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची जबाबदारी आहे. किती प्रकरणांत वकील दिला, ही आकडेवारी कार्यालयात उपलब्ध असते. वकील सुनावणीस हजर होता का, त्याने अशिलाशी चर्चा केली का, पैसे मागितले का, हे मात्र पक्षकारच सांगू शकतो. कैदी आपले गाऱ्हाणे कारागृह कर्मचाऱ्यांसमोर मोकळेपणाने मांडेलच असे नाही. म्हणूनच त्या प्रकरणात मुलाखती एकांतात घेण्यात आल्या. मतांचे विश्लेषण करतानाही कैदी, ग्रामीण महिला व कामगार यांच्या अडचणी स्वतंत्रपणे मांडणे आवश्यक ठरते. सर्वांची सरासरी काढल्यास नेमका दोष झाकला जातो.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मधील निकालात पोलीस ठाणी, टपाल कार्यालये, बस व रेल्वे स्थानकांवर विधी सहाय्य कार्यालयाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक स्थानिक भाषेत लावण्याचे निर्देश दिले. कोठडीतील पत्रकाच्या निर्देशानंतर ४१ वर्षांनीही हक्काची माहिती लोकांपर्यंत पोहोचविण्याचा प्रश्न कायम असल्याचे यातून दिसते.

विधी सहाय्यासाठी तालुका अथवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात, किंवा १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर संपर्क साधता येतो.