साडेसहाशेवरची शनिवार रात्र

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात 'डब्ल्यूएसएम' नावाचे रेडिओ केंद्र आहे. ते ६५० किलोहर्ट्झवर लागते. एका विमा कंपनीने ते ५ ऑक्टोबर १९२५ रोजी सुरू केले. 'आम्ही लाखोंचे कवच' या अर्थाच्या कंपनीच्या घोषवाक्याची ती आद्याक्षरे! पुढच्याच महिन्यात, २८ नोव्हेंबरला, सत्तरी उलटलेला एक म्हातारा फिडल घेऊन मायक्रोफोनसमोर बसला आणि शनिवार रात्रीचा जलसा सुरू झाला. विम्याचे एजंट दारोदार जात, तेव्हा या कार्यक्रमाचे नाव सांगितले की दार लवकर उघडे म्हणतात.

१९२७ च्या डिसेंबरात या कार्यक्रमाच्या आधी न्यूयॉर्कहून अभिजात संगीताचा तास लागला होता. तो संपताच निवेदक जॉर्ज हे यांनी थट्टेने म्हटले की ग्रँड ऑपेरा झाला, आता आमचा 'ग्रँड ओल ऑप्री' ऐका. नाव चिकटले. त्यानंतर पहिली वाजली ती डीफोर्ड बेली याची माउथऑर्गनवरची आगगाडी. हा कृष्णवर्णीय, पोलिओमुळे खुजा राहिलेला कलावंत ऑप्रीचा आरंभीचा तारा होता. १९४१ मध्ये रेडिओवाले आणि संगीताच्या हक्कांची वसुली करणारी संस्था यांच्यात तंटा पेटला. बेलीच्या गाजलेल्या धुना वाजवायला बंदी झाली, आणि नव्या धुना वाजवत नाही म्हणून त्यालाच घरी बसवले. तो पुढे नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचे दुकान चालवत राहिला. १९८२ मध्ये तो वारला. कंट्री संगीताच्या मानकऱ्यांच्या यादीत त्याचे नाव लागले ते २००५ साली. या इतिहासात मला सर्वांत जास्त टोचते ते हेच.

तोवर कंट्री हा रेडिओचा एक कार्यक्रम होता. केंद्राला स्वतःचा असा एकच सूर नव्हता. पहाटे शेतकऱ्यांसाठी बाजारभाव आणि बँजो, दुपारी मालिका, रात्री डान्स बँड, असा सगळा मिसळीचा मामला. पन्नाशीच्या दशकात दूरचित्रवाणीने मालिका पळवल्या. मग ओमाहाच्या टॉड स्टॉर्झसारख्यांनी मोजकी लोकप्रिय गाणी पुन्हा पुन्हा लावायची युक्ती काढली. टेक्सासमधल्या लबक गावी १९५३ मध्ये 'केडीएव्ही' सुरू झाले. दिवसभर कंट्रीच लावणारे ते पहिले केंद्र मानले जाते. स्टुडिओत वाजवणाऱ्यांची जागा तबकडीने घेतली. १९६१ मध्ये पूर्णवेळ कंट्री केंद्रे जेमतेम ८१ होती, १९६९ पर्यंत ती सहाशेवर गेली. वाढ झाली खरी, पण कुठले गाणे कितीदा लावायचे हे निवेदकाच्या हाती राहिले नाही. तासाचे घड्याळ आखून मिळू लागले. माझ्या मते रेडिओचा खरा तोटा तिथे झाला.

ज्या हिशेबाने कंट्री आले, त्याच हिशेबाने ते गेलेही. शिकागोच्या 'डब्ल्यूएलएस'वर १९२४ पासून असाच जलसा चाले. १९६० साली ते केंद्र रॉक अँड रोलचे झाले. न्यूयॉर्कच्या 'डब्ल्यूएचएन'ने १९७३ मध्ये कंट्री धरले आणि १ जुलै १९८७ रोजी सोडून दिवसभर खेळांच्या गप्पा सुरू केल्या. १९९६ च्या कायद्याने देशभरात एका मालकाने किती केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादा उठवली, मग तर शेकडो केंद्रांच्या याद्या एकाच कचेरीत ठरू लागल्या.

२००२ च्या सुरुवातीला खुद्द 'डब्ल्यूएसएम' खेळांकडे वळणार, अशी बातमी फुटली. फिडलऐवजी बेसबॉलची चर्चा! श्रोते आणि गायक निषेधाला उभे राहिले आणि मालकांनी बेत सोडला. ऑप्री तेवढी ठेवू, बाकीचे बदलू, असे म्हणून त्यांचे समाधान होणार नव्हते.

आज हे केंद्र इंटरनेटवरही लागते. तिकडे शनिवारी ऑप्रीचा पडदा वर जातो, तेव्हा आपल्याकडे रविवारची पहाट असते. चहा ठेवता ठेवता मी कधीमधी लावतो.