धन आयनांचे गुणात्मक विश्लेषण

धन आयनांचे गुणात्मक विश्लेषण ही जलीय द्रावणात कोणते धनभारित आयन आहेत, हे ओळखण्याची रसायनशास्त्रातील पद्धत होय. तीत आयनांचे प्रमाण मोजले जात नाही. केवळ त्यांचे अस्तित्व निश्चित केले जाते. ठरावीक क्रमाने अभिकर्मक घातल्यावर पडणारा अवक्षेप (साका), त्याचा रंग, बाहेर पडणारा वायू आणि ज्योतीला येणारा रंग यांवरून निष्कर्ष काढतात.

पार्श्वभूमी

जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल रेमिगिअस फ्रेझेनियस यांचे या विषयावरील पाठ्यपुस्तक १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. आयनांचे गट पाडून विश्लेषण करण्याची रीत त्यांच्या पुस्तकामुळे रूढ झाली. महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत क्षारांचे विश्लेषण हा परिचित भाग आहे. नवी मुंबईतील कनिष्ठ महाविद्यालये राज्य मंडळाच्या मुंबई विभागात येतात. या विभागाचे कार्यालय वाशी येथे आहे.

तत्त्व

ही पद्धत क्षारांच्या विद्राव्यतेतील फरकावर आधारलेली आहे. तांब्याच्या सल्फाइडचा विद्राव्यता गुणाकार जस्ताच्या सल्फाइडपेक्षा अब्जावधी पटींनी लहान असतो. आम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडल्यास समआयन परिणामामुळे सल्फाइड आयनांची संहती अत्यल्प राहते; तेवढ्यात तांब्याचा अवक्षेप पडतो, जस्त मात्र द्रावणातच राहते. अमोनियाने द्रावण आम्लारिधर्मी केल्यावर सल्फाइड आयन वाढतात आणि जस्तही खाली बसते. म्हणून गटांचा क्रम बदलता येत नाही. क्रम चुकल्यास पुढील गटातील आयन आधीच अवक्षेपित होऊन चुकीची ओळख पटते.

गट व निश्चिती चाचण्या

गटांचे क्रमांक पुस्तकागणिक थोडे बदलतात. प्रचलित मांडणी अशी :

• शून्य गट (अमोनिअम) : मूळ क्षार सोडिअम हायड्रॉक्साइडसह तापवल्यास अमोनियाचा उग्र वास येतो व ओला तांबडा लिटमस निळा होतो. पुढील गटांत अमोनिअम क्षार बाहेरून घातले जात असल्याने ही चाचणी आधीच, मूळ नमुन्यावर करतात.

• पहिला गट (शिसे) : विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने पांढरा अवक्षेप पडतो. तो गरम पाण्यात विरघळतो. या द्रावणात पोटॅशिअम आयोडाइड घातल्यास पिवळा अवक्षेप येतो.

• दुसरा गट (तांबे इत्यादी) : आम्लयुक्त माध्यमात हायड्रोजन सल्फाइडने तांब्याचा काळा अवक्षेप मिळतो. तो विरल नायट्रिक आम्लात विरघळवून जास्त अमोनिया घातल्यास गडद निळे द्रावण तयार होते. शिशाचे क्लोराइड पाण्यात काहीसे विद्राव्य असल्याने उरलेले शिसे या गटातही आढळते.

• तिसरा गट (लोह, ॲल्युमिनिअम) : द्रावण उकळून हायड्रोजन सल्फाइड घालवतात व संहत नायट्रिक आम्लाने फेरस लोहाचे फेरिकमध्ये रूपांतर करतात. नंतर अमोनिअम क्लोराइड व अमोनियाने लोहाचा तांबूस तपकिरी, तर ॲल्युमिनिअमचा पांढरा, जेलीसारखा अवक्षेप पडतो. फेरिक आयन पोटॅशिअम थायोसायनेटने रक्तवर्णी रंग देतो.

• चौथा गट (निकेल, कोबाल्ट, मँगनीज, जस्त) : अमोनियायुक्त माध्यमात हायड्रोजन सल्फाइड सोडतात. जस्ताचा अवक्षेप पांढरा, मँगनीजचा फिकट मांसवर्णी, तर निकेल व कोबाल्टचे काळे असतात. डायमिथिल ग्लायॉक्झिमने निकेल गुलाबी-तांबडा अवक्षेप देते.

• पाचवा गट (बेरिअम, स्ट्रॉन्शिअम, कॅल्शिअम) : अमोनिअम कार्बोनेटने पांढरे अवक्षेप पडतात. ज्योत परीक्षेत बेरिअम पोपटी, स्ट्रॉन्शिअम किरमिजी, तर कॅल्शिअम विटकरी रंग देते.

• सहावा गट (मॅग्नेशिअम) : अमोनियायुक्त माध्यमात डायसोडिअम हायड्रोजन फॉस्फेटने पांढरा स्फटिकी अवक्षेप येतो.

मर्यादा

नवी मुंबईच्या परिसरात ठाणे-बेलापूर आणि तळोजा हे औद्योगिक पट्टे असून तेथे रासायनिक कारखाने आहेत. अशा भागातील पाण्याच्या नमुन्यावर या चाचण्या केल्यास निष्कर्ष जपून काढावा लागतो. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची स्वीकार्य मर्यादा प्रतिलिटर ०.०१ मिलिग्रॅम आहे. पाण्यात प्रतिलिटर काही मिलिग्रॅम, म्हणजे या मर्यादेच्या शेकडो पट शिसे असले, तरी हायड्रोक्लोरिक आम्लाने अवक्षेप पडत नाही. त्यामुळे परीक्षानळीत अवक्षेप न दिसणे म्हणजे पाणी निर्धोक असणे नव्हे. इतक्या अल्प प्रमाणासाठी अणु-शोषण वर्णपटमापनासारख्या उपकरणाधारित पद्धती वापरतात.

सुरक्षितता

हायड्रोजन सल्फाइड विषारी व हवेपेक्षा जड आहे. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु संहती वाढल्यास घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येणे थांबते. वास नाहीसा झाला म्हणजे धोका टळला असे समजणे प्राणघातक ठरू शकते. हा वायू धूरकक्षातच हाताळावा. शिसे, बेरिअम व निकेल यांचे अवशेष मोरीत न ओतता वेगळ्या भांड्यात साठवावेत.