आपले पीठ, शेजारची भट्टी

गंगापूर म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक तर दत्ताचे गाणगापूर उभे राहते, नाही तर नाशिकचे धरण. आमचे गंगापूर या दोहोंहून निराळे. छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे माझ्या पिढीच्या जिभेवर अजून बसलेल्या औरंगाबादेहून, वाळूज मागे टाकून गोदावरीच्या अंगाने निघाले की लागणारे हे तालुक्याचे गाव. माझे बालपण येथे गेले आणि आता ऐंशीच्या घरात पोचल्यावर दिवाळीपुरता का होईना, मी येथे परत येतो.

गेल्या दिवाळीत नातवाला घेऊन बाजारात गेलो. आठवड्याचा बाजार म्हणजे खाण्याचे मोकळे प्रदर्शनच. एका पालाखाली गुळाच्या पाकातली गोडीशेव, रेवड्या आणि बत्तासे. दुसरीकडे कढईतून निघणारी जिलबी. आणि रस्त्यापलीकडे बेकरीच्या काचेमागे खारी, टोस्ट, क्रीमरोल, नानकटाई. आम्ही दोघांनी ठरवले, की प्रत्येक ठिकाणचा एकेक घास घ्यायचा. मी गोडीशेवेपाशी रेंगाळलो, नातू क्रीमरोलपाशी. पुढे एका गाडीवर त्याने हिरवी चटणी लावलेले सँडविच घेतले आणि पहिला घास तोंडात असतानाच विचारले, "आजोबा, यातले आपले कोणते आणि बाहेरचे कोणते?"

प्रश्न सोपा वाटला. जिलबीकडे बोट दाखवून मी म्हणणार होतो, की ही आपली. पण आयुष्यभर इतिहास शिकवल्याचा हा तोटा, की सोपे उत्तर घशातच अडकते.

जिलबीचेच पाहा ना. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले व्यासंगी संशोधक प. कृ. गोडे यांनी जिलबीचा इतिहास जुन्या पोथ्यांतून शोधून काढला. इ. स. १४५० च्या सुमारास जिनसूर नावाच्या जैन ग्रंथकाराने लिहिलेल्या ‘प्रियंकरनृपकथा’ या संस्कृत ग्रंथात तिचा उल्लेख त्यांना सापडला. म्हणजे पाच शतकांहून अधिक काळ ती आपल्या पंगतीला आहे. परंतु तिचे नाव अरबी ‘झलाबिया’वरून आले, असे शब्दांचे जाणकार सांगतात. लग्नात जिच्यावाचून पंगत उठत नाही, ती सुद्धा कधी काळची पाहुणीच!

मग अस्सल आपले काय? पुरणपोळी म्हणावी, तर तिला आधार भक्कम आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त पुरण भरलेल्या पोळीचे वर्णन आहे. मांडेही तसेच जुने. मुक्ताबाईने ज्ञानदेवांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा कोणाला ठाऊक नाही? ज्या नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते आमच्यापासून फार दूर नाही. गोदावरी ओलांडली की पलीकडच्या मुलखात.

या मांड्यांच्या कथेतच आमच्या स्वयंपाकघराची एक खूण आहे. मांडा भाजायचा तो पालथ्या खापरावर. तवा असो, कढई असो की खापर, आमची आंच नेहमी खालून. पदार्थाला चारी बाजूंनी कोंडून भाजणारी भट्टी आमच्या माजघरात कधी आली नाही. ती आली दोन वाटांनी, आणि दोन्ही वाटा दूरच्या.

एक वाट उत्तरेची. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादेस आणली. तिच्याबरोबर आलेल्या लष्कराच्या खाण्यातून औरंगाबादचा प्रसिद्ध नान-खलिया निपजला, असे तिकडे परंपरेने सांगतात. ‘नान’ म्हणजे फारसीत रोटी. तोच शब्द आपल्या नानकटाईच्या डोक्यावर बसलेला आहे. ही कटाई सुरतेच्या डच वखारीतल्या भट्ट्यांतून पुढे आली, अशीही आख्यायिका आहे.

दुसरी वाट समुद्राची. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवे घेतले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा ‘पांव’ आला. पीठ फुगवायला तेथे आंबवण हाताशी नव्हते, म्हणून गोव्याच्या पोदेरांनी माडाची सूर वापरली. आता विचार करा, परधर्मीयाचा हात आणि वर ताडीमाडीचा स्पर्श! पाव बाटवतो, ही समजूत अशी पक्की झाली. माझी आजी तर ठासून सांगे, की पायाने तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात. व्युत्पत्ती खोटी, पण तिचा धाक खरा.

हा धाक किती खरा होता, हे पुण्याने १८९० मध्ये पाहिले. डॉक्टर आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी पंचहौद मिशनमध्ये पुण्याच्या नामवंत मंडळींना बोलावले. व्याख्यान झाले आणि मागून चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी भिडेखातर पेला नुसता हाती धरला. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. पुढे नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि गावात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, तर रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. एवढी मोठी माणसे, आणि निमित्त काय? पेलाभर चहा आणि बिस्किटे! आज आपण हसतो. पण ज्या घरातली मुलगी खोळंबली, ज्याच्या घरी श्राद्धाला ब्राह्मण येईनासा झाला, त्याला हसू आले नसेल.

आमच्या घरी हा धाक १९५४ सालापर्यंत टिकून होता. मी तेव्हा नऊ वर्षांचा. निजामी १९४८ च्या सप्टेंबरात संपली होती, पण त्याआधीच्या भीतीच्या दिवसांनी गल्लीगल्लीत एक अबोला मागे ठेवला होता. आमच्या मागच्या आळीत एका मुसलमान कुटुंबाची भट्टी होती. पहाटे भाजल्या पावाचा वास भिंतीवरून आमच्या अंगणात येई, आणि आजी तुळशीला पाणी घालताना पदर नाकाशी धरी.

त्या वर्षी आई विषमज्वराने दोन महिने अंथरुणाला खिळली. ताप उतरल्यावर डॉक्टरांनी सांगितले, "दूध-पाव द्या." औषध म्हणून पाव घरात आला. त्याची बशी निराळी, ती ठेवायची जागा ओसरीच्या कोपऱ्यात. आणायला मी जाई. भट्टीवाले चाचा पैसे घेताना रोज विचारीत, "आईचं कसं आहे?" मी घरी येऊन ते आजीला सांगे. ती काही बोलत नसे, पण एखादे दिवशी मी सांगायचे विसरलो, तर तीच विचारी, "आज काही म्हणाले नाहीत का?"

दिवाळी आली. आईच्या हातापायांत बळ नव्हते आणि एकट्या आजीच्याने सगळा फराळ होईना. शेजारच्या बायका मैदा, तूप, साखर घेऊन नानकटाई भाजून आणायला भट्टीवर जात. धनत्रयोदशीच्या दुपारी आजीने सोवळे नेसून पीठ मळले, गोळे थापले, ताट पदराखाली झाकले आणि मला म्हणाली, "चल."

भट्टीचे एक शास्त्र असते. आत लाकडे पेटवून भिंती तापवायच्या आणि निखारे बाजूला ओढून त्या भिंतींच्या उबेवर भाजायचे. कडक आंचेवर पाव, ती उतरू लागली की खारी, आणि मंदावली की नानकटाई. उरल्या उबेत रात्रभर टोस्ट सुकतात. चाचांनी आजीला पाहिले आणि दोन पावले मागे सरून म्हणाले, "माँसाहेब, पत्रा धुऊन ठेवलाय. गोळे तुमच्याच हातानं मांडा, मी फक्त आत सरकवतो." आजी क्षणभर उभी राहिली. मग ताटच त्यांच्या पुढे करून म्हणाली, "तुम्हीच मांडा. मला अंतर कळायचं नाही. अग्नीला कसला आलाय विटाळ!"

लक्ष्मीपूजनाला ती नानकटाई नैवेद्याच्या ताटात होती. देवाला दाखवून झाल्यावर आजीने त्यातली अर्धी मोडून तोंडात टाकली. प्रसादाला नाही म्हणता येत नाही, हे तिचे धर्मशास्त्र. पण ताटात ती ठेवली कोणी, हे मी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी फराळाचे पहिले ताट भट्टीवाल्यांच्या घरी गेले.

हे सारे नातवाला बाजारात उभ्या उभ्या कसे सांगणार? रात्री सांगितले. सकाळी त्याने आपण होऊन फराळाचे ताट उचलले. ती भट्टी आता विजेवर चालते आणि गल्ल्यावर चाचांचा नातू बसतो. आमचे ताट अजून दर दिवाळीला तिकडे जाते आणि आजवर ते रिकामे परत आलेले नाही. या खेपेला त्यात गरम नानकटाई होती. वर झाकलेला रुमाल आमचा नव्हता. तो परत करायला नातू पुन्हा जाऊन आला.